उतारवयांतील स्नायु व रक्तवाहिन्या

(जुबिलीनिमित्त धर्मग्रामांतील वडील मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



जुबिली समितीनें ह्या सभेकरितां मला विषय विचारला, तेव्हां मीं कागदावर 'वार्धक्य' एवढा एकच शब्द लिहून दिला. फादर आतां चांगल्या मरणाविषयीं बोलणार, अशी कित्येकांची समजूत झालेली दिसते. कारण गेल्या आठवड्यांत दोघांतिघांनीं मला अत्यंत गंभीर मुद्रेनें 'भाषणास येतों' म्हणून सांगितलें. त्या विषयावर बोलण्याचे प्रसंग मजवर वर्षभर येतच असतात. आज मला बोलावयाचें आहे तें पायांविषयीं. मांड्या, पिंढऱ्या, त्यांतील स्नायु आणि त्या स्नायूंस रक्त नेऊन पोहोंचविणाऱ्या वाहिन्या, हा आजचा विषय. मी वैद्य नाहीं. जें सांगणार आहें तें वैद्यकाच्या ग्रंथांत वाचलेलें, जाणत्या डॉक्टरांस विचारून ताडून पाहिलेलें, आणि थोडेंबहुत स्वतःच्या डोळ्यांनीं, परंतु फार उशिरानें, पाहिलेलें आहे.

उशीर कसा झाला तें प्रथम सांगतों. मी पूर्वीं ज्या धर्मग्रामांत होतों, तेथें एक वृद्ध गृहस्थ रोज सकाळीं मिस्सेस पायीं येत असत. घरापासून देवळापर्यंतच्या वाटेवर दोन क्रूस लागत. हे गृहस्थ पहिल्या क्रुसापाशीं थांबत, चौथऱ्यावर हात टेकून दोन मिनिटें उभे रहात आणि मग पुढें निघत. दुसऱ्या क्रुसापाशीं पुन्हा तसेंच. पावसाळा असो कीं उन्हाळा असो, ह्या नेमांत खंड पडला नाहीं. मला त्याचें इतकें कौतुक वाटलें कीं, एका रविवारीं प्रवचनांत, नांव न घेतां, मीं त्यांच्या भक्तीचा दाखला दिला. नांव न घेतल्यानें कांहीं बिघडलें नाहीं. सर्वांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. पुढें दोन वर्षांनीं त्यांच्या उजव्या पायाचें एक बोट काळें पडलें, आणि डॉक्टरांनीं विचारलेल्या प्रश्नांवरून खरा उलगडा झाला. ठराविक अंतर चाललें कीं त्यांची पिंढरी गच्च आवळून येई. उभें राहिलें कीं दोन मिनिटांत दुखणें ओसरे. पुन्हा तेवढेंच चाललें कीं पुन्हा येई. क्रुसाला चौथरा होता म्हणून ते तेथें टेकत. मीं त्यांस विचारलें, "बाबा, मला तेव्हांच कां नाहीं सांगितलेंत?" ते म्हणाले, "फादर, तुम्ही देवळांत सगळ्यांसमोर एवढें चांगलें बोललांत, मग खरें कसें सांगावें?"

बोट काढावें लागलें. पाय वाचला.

ह्या दुखण्यास वैद्यकांत क्लॉडिकेशन म्हणतात. सेमिनरींत आम्ही जें लॅटिन घोकलें त्यांत 'क्लाउदिकारे' म्हणजे लंगडणें असें क्रियापद होतें, त्यापासून हा शब्द झाला आहे. रोमचा बादशहा क्लॉडियस हाही लंगडत चाले, ही गोष्ट आम्हां विद्यार्थ्यांस व्याकरणापेक्षां अधिक आवडे. असो. हें दुखणें वैद्यांनीं प्रथम ओळखलें तें माणसांत नव्हे, घोड्यांत. फ्रान्समधील बुले नांवाच्या पशुवैद्यानें १८३१ सालीं एका घोड्याचें वर्णन लिहून ठेवलें आहे: थोडें अंतर दौडलें कीं त्याचे मागचे पाय लंगडत, थांबविलें कीं पुन्हा ठीक होत. त्याच्या मांड्यांतील धमन्या बुजलेल्या आढळल्या. माणसाच्या पायांतील हेंच दुखणें शार्को ह्या फ्रेंच वैद्यानें १८५८ सालीं वर्णिलें. स्नायु जागच्या जागीं आहे, हाड शाबूत आहे, इच्छाही आहे. परंतु काम वाढलें कीं लागणारें जादा रक्त येत नाहीं, म्हणून स्नायु ओरडतो. आमच्या बाबांची गोष्ट म्हणजे ह्या नात्याचें टोंकाचें रूप होय. मला आज सांगावयाचें तें असें कीं, पिंढरी न दुखतां, बोट काळें न पडतां, हेंच नातें उतारवयांत आपणां बहुतेकांच्या देहांत हळूहळू व मुकाट्यानें बिघडत असतें, आणि त्यास आपण 'वय झालें' असें म्हणून मोकळे होतों.

रक्त शरीरांत फिरतें ही गोष्ट विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं सिद्ध केली. त्याचे गुरु पाडुआचे फाब्रिसियस. त्यांनीं शिरांतील झडपांचें वर्णन केलें होतें, पण त्या झडपा कशासाठीं आहेत तें त्यांस नीट उमगलें नव्हतें. शिष्यानें तें ओळखलें: रक्तानें मागें न फिरतां हृदयाकडेच जावें म्हणून ही व्यवस्था. तरीही एक दुवा हार्वेस सांपडला नाहीं. धमन्यांतून गेलेलें रक्त शिरांत उतरतें कसें? हार्वे १६५७ सालीं वारला, आणि त्यानंतर चार वर्षांनीं, १६६१ सालीं, बोलोन्याच्या मार्चेल्लो मालपिगी ह्यांनीं सूक्ष्मदर्शकांतून बेडकाच्या फुप्फुसांतील केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या. ह्याच मालपिगींस उतारवयांत पोप बारावे इनोसंट यांनीं आपले वैद्य म्हणून रोमला बोलावून घेतलें. ह्या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात कीं, रक्तांतील तांबड्या पेशींस एकामागून एक, अंग चोरून, त्यांतून जावें लागतें. स्नायूचा मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा घेतला तरी त्यांत अशा वाहिन्या शेंकड्यांनीं असतात. प्राणवायु, साखर, अन्नाचा अंश, सर्व देणेंघेणें तेथेंच होतें. मोठ्या धमन्या म्हणजे केवळ हमरस्ते. माल उतरतो तो ह्या गल्ल्यांत.

आपल्या वसईच्या वाड्यांत ज्यांनीं रहाटाचें पाणी धरलें आहे, त्यांस अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं. विहिरीवरून पाणी पाटांत पडतें, पाटांतून लहान चरांत, चरांतून एकेका केळीच्या आळ्यांत. विहिरीस भरपूर पाणी असलें आणि रहाट जोरांत फिरत असला, तरी शेवटचा चर गाळानें व गवतानें बुजला असेल तर कडेच्या केळी सुकतात. आणि मालक मात्र म्हणतो, वाडी जुनी झाली. परंतु ही उपमा येथवरच चालते. मातीचा चर आपण होऊन रुंद होत नाहीं. देहांतील वाहिनी जिवंत आहे. पाण्याची ओढ वाढली कीं ती स्वतःच रुंदावते, आणि ओढ बंद झाली कीं स्वतःच आखडते. आजच्या भाषणाचें मर्म येथें आहे, म्हणून ह्यावर थोडा वेळ घेतों.

स्वस्थ बसलेल्या माणसाचें हृदय मिनिटाला सुमारें पांच लिटर रक्त पुढें लोटतें. देहाच्या वजनाचा जवळजवळ दोनपंचमांश भाग स्नायूंचा. परंतु स्वस्थपणीं ह्या रक्तांतील पांचवा हिस्सा, किंबहुना त्याहूनही कमी, त्यांच्या वाट्यास येतो. माणूस जोरांत धांवूं लागला कीं हृदय चौपट रक्त लोटूं शकतें व त्यांतील चारपंचमांश स्नायूंकडे वळतें. हें वळविणें कोण करतो? डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनीं केशवाहिन्यांचा प्रवाह कामाप्रमाणें कसा कमीजास्त होतो ह्याचा शोध लावला, त्याबद्दल त्यांस १९२० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढील संशोधकांनीं त्यांच्या तपशिलांत दुरुस्त्या केल्या, पण मूळ गोष्ट टिकली: स्नायूनें काम केलें तर त्याच्या वाटा वाहूं लागतात.

ह्या वाटांच्या आंतल्या बाजूस पेशींचें एक अत्यंत पातळ अस्तर असतें. कैक वर्षें तें केवळ गिलाव्यासारखें आहे असें समजलें जाई. न्यूयॉर्कचे रॉबर्ट फर्चगॉट हे सशाच्या धमनीच्या चकत्यांवर प्रयोग करीत. एका औषधानें ती चकती कधीं सैल पडे, तर कधीं उलट आवळे. ह्याचें कारण शोधतां शोधतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, चकती कापतांना आंतलें अस्तर घांसलें गेलें तर ती सैल पडत नाहीं. अस्तर शाबूत असेल तर पडते. म्हणजे वाहिनीस 'रुंद हो' असा निरोप देणारें तें अस्तरच! हा शोध १९८० सालीं प्रसिद्ध झाला. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड ह्या वायूचा असतो हें पुढें ठरलें, आणि १९९८ सालचें नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व म्युराड ह्या तिघांस मिळालें. मोटारीच्या धुरांत सांपडणारा हा वायु आपल्या धमन्यांत काही क्षणांपुरता जन्मतो, काम करतो आणि नाहींसा होतो, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते. रक्ताचा प्रवाह अस्तरावरून जोरानें घांसून गेला कीं तें हा वायु निर्माण करतें. प्रवाह मंदावला कीं निरोपही मंदावतो. वयाबरोबर अस्तराची ही शक्ति घटते. तंबाखू, मधुमेह व वाढलेला रक्तदाब तिला आणखी लवकर मारतात. धमन्यांच्या भिंती ताठर होतात. म्हाताऱ्या स्नायूंत केशवाहिन्यांची संख्याही रोडावते.

आतां स्नायूकडे येऊं. उतारवयांत मांस व बळ झडणें ह्यास अमेरिकेंतील अर्विन रोझेनबर्ग यांनीं १९८९ सालीं एक नांव सुचविलें: सार्कोपीनिया. आमच्या ग्रीकच्या अभ्यासांत 'सार्क्स' हा शब्द योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभींच भेटतो. त्याचा अर्थ देह, मांस. 'पीनिया' म्हणजे दारिद्र्य. देहाचें दारिद्र्य! वैद्यकांतील नांवें सहसा रुक्ष असतात, परंतु हें ज्यानें योजिलें त्याच्या कानास मी नमस्कार करतों. चाळिशीच्या आगेमागें हें दारिद्र्य सुरू होतें, साठीनंतर वेग घेतें. आणि मांस जितकें झडतें त्याहून बळ अधिक वेगानें जातें. म्हणून वजनकांट्यावर भरंवसा ठेवूं नये. मांस जाऊन तेथें चरबी बसली तर कांटा हालत नाहीं, पण माणूस खुर्चींतून उठतांना दोन्ही हात टेकूं लागतो.

ही दोन दारिद्र्यें, वाटांचें आणि मांसाचें, वेगवेगळीं नाहींत. आपण जेवलों कीं रक्तांत इन्सुलिन येतें, आणि त्याचें एक काम असें कीं स्नायूंतील लहान वाहिन्या उघडून अन्नांतील प्रथिनांचा अंश आंत पोहोंचवावा. वृद्धांत ही वाट नीट उघडत नाहीं. तेंच ताट तरुण नातवानें खाल्लें तर त्याच्या दंडास लागतें. आजोबांच्या दंडाशीं त्यांतील थोडेंच पोहोंचतें. २००७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांतल्या संशोधकांनीं निरोगी वृद्धांवर एक लहानसा परंतु मोठा बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. कांहींना आदल्या दिवशीं पाऊण तास चालविलें, कांहींना स्वस्थ बसूं दिलें. दुसऱ्या दिवशीं सर्वांच्या पायांत इन्सुलिनचा परिणाम मोजला. चाललेल्यांच्या पायांत रक्त अधिक वाहिलें आणि नवें मांस घडण्याची क्रिया वाढली. बसलेल्यांत ती वाढली नाहीं. ध्यानांत घ्या, महिनाभराचा व्यायाम नव्हे, एक दिवसाची पाऊण तासाची चाल! परंतु तिचा गुण दिवसादोनदिवसांत ओसरतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते. ह्याच कारणास्तव मला वाटतें कीं, महिन्यांतून एकदां डोंगर चढून येणाऱ्यापेक्षां रोज बाजारास पायीं जाणारी आजीबाई शहाणी.

उलट बाजूही आहे. स्नायु हा रक्ताचा केवळ ऋणको नव्हे, तो फेडही करतो. पिंढरी आवळली कीं शिरांतलें रक्त, त्या फाब्रिसियसच्या झडपांतून, वर ढकललें जातें; दिवसभर खुर्चींत बसलेल्यांचे पाय संध्याकाळीं कां सुजतात तें ह्यावरून कळेल. जेवणानंतर रक्तांत आलेल्या साखरेचा फार मोठा वांटा स्नायूच उचलतो. मांस घटलें तर ती साखर रक्तांतच राहते, राहिलेली साखर अस्तर नासवते, नासलेलें अस्तर वाट बंद करतें, आणि बंद वाटेमुळें मांस आणखी घटतें. रहाटगाडगें उलटें फिरूं लागलें म्हणजे काय होतें तें येथें पाहावें. पण सुलटें फिरविणेंही आपल्या हातीं आहे. कामांत असलेला स्नायु नव्या केशवाहिन्या फुटाव्यात असे निरोप स्वतःच पाठवितो, आणि हा गुण वृद्धांच्या स्नायूंतही शिल्लक असतो.

आमच्या बाबांस डॉक्टरांनीं विडी सोडावयास लावली, औषधें दिलीं, आणि वर हुकूम केला कीं रोज चाला. दुखूं लागेपर्यंत चाला, थांबा, दुखणें ओसरलें कीं पुन्हा चाला. घरची मंडळी घाबरली. दुखतें तेंच करावयाचें? परंतु ह्या रोगावर हा उपचार जगभर मान्य आहे. देखरेखीखालीं नेमानें चालणाऱ्यांचें न दुखतां चालण्याचें अंतर वाढतें. क्रुसापाशीं थांबून पुढें जाणें म्हणजे अर्धें औषध ते नकळत घेतच होते, आणि विडी ओढून तें फुकट घालवीत होते. वर्षभरानें एका सकाळीं मीं देवळाच्या दारांतून पाहिलें: ते दुसऱ्या क्रुसापाशीं आले, चालतां चालतां क्रुसाची खूण केली, आणि न थांबतां तसेच पुढें आले.

आतां जी गोष्ट सांगणार आहें ती सांगण्यास मला थोडें जड जातें. माझी आई पंचाहत्तरीची असतां पडवींत घसरून पडली. हाड मोडलें नव्हतें. मी दूरच्या धर्मग्रामांत होतों; मीं घरीं पत्र लिहिलें कीं, आईला तीन आठवडे अंथरुणांतून उठूं देऊं नका, कसलेंही काम करूं देऊं नका. मीं लिहिलेलें म्हणजे फादरांनीं लिहिलेलें. भावानें व वहिनीनें तें अक्षरशः पाळलें. पाणी हातांत, जेवण हातांत. जी बाई त्या पडण्याच्या दिवसापर्यंत विहिरीचें पाणी शेंदीत होती, ती तीन आठवड्यांनीं खाटेवरून उठली तेव्हां तिला दोघांनीं धरावें लागलें. मग काठी आली, मग खुर्ची. खुर्चींत ती चार वर्षें होती. तिनें मला कधीं दोष दिला नाहीं; तिच्या समजुतीप्रमाणें मुलानें तिला सुख दिलें होतें.

तिच्या मृत्यूनंतर पुष्कळ दिवसांनीं मीं वाचलें कीं, २००७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं सरासरी सदुसष्ट वर्षें वयाच्या निरोगी स्त्रीपुरुषांस केवळ दहा दिवस बिछान्यावर ठेवून पाहिलें, आणि तेवढ्यांत त्यांच्या पायांतील सुमारें एक किलो मांस गेलें. निरोगी माणसें, पोटभर अन्न, दहा दिवस! मीं आईला एकवीस दिवस दिले होते. हाड मोडलें असेल, ताप असेल, डॉक्टरांनीं सांगितलें असेल, तर विश्रांति घेतलीच पाहिजे. त्याविषयीं माझें म्हणणें नाहीं. माझें म्हणणें घरांतील मुलगे, सुना व लेकी यांस आहे. "आई, तुम्ही बसा," "बाबा, तुम्ही आतां आराम करा," हें आपण प्रेमानें म्हणतों. मीही प्रेमानेंच लिहिलें होतें. भाजी निवडणें, अंगण झाडणें, दुकानांतून मीठ आणणें, हीं कामें वडिलांच्या हातून काढून घेतांना आपण त्यांच्या पायांतील वाटा एकेक करून बुजवितों.

आणि बुजलेल्या वाटा उघडण्यास उशीर झाला असें म्हणण्याचीही सोय नाहीं. १९९० सालीं बॉस्टन येथील वृद्धाश्रमांतील दहा अशक्त वृद्धांनीं, वयें शहाऐंशीपासून शहाण्णवपर्यंत, पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम आठवडेंभर नव्हे, आठ आठवडे केला. एकानें मध्येंच सोडला. उरलेल्या नऊजणांच्या पायांचें बळ सरासरी पावणेतीन पट झालें, आणि दोघांनीं काठी टाकली. नव्वदीचीं माणसें! तसेंच लंडनच्या बसगाड्यांची गोष्ट. जेरेमी मॉरिस यांनीं १९५३ सालीं दाखविलें कीं, दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां, त्याच गाडीचा जिना दिवसभर चढउतर करणाऱ्या कंडक्टरांस हृदयाचा रोग कमी होतो. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षें जगले.

जेवणाविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण आपल्या घरांत एक वाईट चाल पडली आहे. वडील माणूस साठीच्या पुढें गेलें कीं त्यास सकाळीं चहा व बटर, दुपारीं पेज व लोणचें, रात्रीं पुन्हा पेज. मासळी मुलांसाठीं, अंडें नातवासाठीं. पचायला हलकें म्हणून आपण त्यांस मांस घडविणारें अन्नच देत नाहीं! वृद्धांस वजनाच्या दर किलोमागें एक ते सव्वा ग्रॅम प्रथिन रोज हवें असें हल्लीं तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या आजीस पन्नास-साठ ग्रॅम. एका अंड्यांत सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळींत वीसच्या आसपास. डाळ, दूध, वाल, चणे आहेतच. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्याशिवाय हें मनावर घेऊं नये. आणि मशेरीबद्दल आमच्या भगिनी म्हणतात कीं ती तर नुसती दांतांस लावतों. तंबाखू दांतांस लावली तरी ती रक्तांतच जाते, आणि त्या पातळ अस्तरावर तिचा काय परिणाम होतो तें वर सांगितलें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जी सूचना केली ती अशी: वृद्धांनीं आठवड्यांत निदान दीडशें मिनिटें, थोडा दम लागेल इतपत, चालावें, आठवड्यांतून दोनदां तरी स्नायूंस जोर पडेल असें कांहीं करावें, आणि तीनदां तोल सांवरण्याचा सराव. जोर म्हणजे मुद्गल फिरविणें नव्हे. खुर्चींतून हात न टेकतां दहा वेळां उठणें हा मांड्यांस पुरेसा जोर आहे. मिस्सेंत गुडघे टेकून पुन्हा उभें राहणें हाही आहे; ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात त्यांनीं बसावें, पण मागील बांकांवर कांहीं मंडळी, मी वेदीवरून पाहतों, केवळ सोय म्हणून बसून असतात. चालतांना छातींत दुखलें, दम कोंडला, किंवा आमच्या बाबांसारखी पिंढरी ठराविक अंतरावर आवळून आली, तर तें वय नव्हे, तो निरोप आहे. डॉक्टरांकडे जावें, आणि फादरांनीं त्यावर प्रवचन केलें असलें तरी खरें सांगावें.

आपल्या स्नायूंची स्थिति पाहण्यासाठीं आशियांतील तज्ज्ञांनीं २०१९ सालीं कांहीं सोपीं मापें ठरविलीं आहेत. पिंढरीचा सर्वांत जाड घेर पुरुषांत चौतीस सेंटिमीटरहून, स्त्रियांत तेहेतीसहून कमी असेल तर सावध व्हावें. दुसरें माप खुर्चीचें: हात छातीवर घडी करून खुर्चींतून पांच वेळां पुरतें उभें राहावयाचें व बसावयाचें, बारा सेकंद किंवा अधिक लागले तर बळ कमी झालें समजावें. म्हणूनच आज समितीस मीं बिनहाताच्या खुर्च्या मांडावयास सांगितल्या. शिंप्याची फीत येथें टेबलावर आहे, आणि घड्याळ सिस्टरांपाशीं आहे. ज्यांस हृदयाचा विकार आहे किंवा ज्यांचें अलीकडे ऑपरेशन झालें आहे, त्यांनीं नुसतें पाहावें. इतरांनीं शेजारी कोणी तरी उभें करून मगच आरंभ करावा. मी पंचावन्न वर्षांचा आहें. गेल्या सोमवारीं माझ्या खोलींत, दार लावून, मीं हें करून पाहिलें, आणि मला तेरा सेकंद लागले. तेव्हांपासून मी बंगल्यापासून बाजारापर्यंत स्कूटर नेत नाहीं. पुढील रविवारीं मिस्सेनंतर मी पुन्हा खुर्चीवर बसणार आहें, सर्वांसमक्ष. आज आरंभ कोण करतो तें पाहूं या.